गिरण चालू आहे

जानकी परबची पिठाची गिरण गोरेगाव पूर्वेला, आरेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एकोणचाळीस वर्षं उभी होती, आणि ती तिथे उभी आहे एवढं सरकारला पटवायला तिला सात कागद लागले. परवाना, आधार, पासबुक, जागेचा कागद, दुकानाचा आत्ताचा फोटो, विजेची पाच वर्षांची बिलं आणि पुलाच्या कामासाठी रस्त्यावर पत्रे लागले होते त्या काळातला एक फोटो, ज्यात दुकान दिसलं पाहिजे. पत्र्यांमुळे दुकान दिसत नव्हतं म्हणून तर मदत मागायची, आणि फोटोत मात्र ते दिसलं पाहिजे. ही अक्कल कुणाची, ते विचारायच्या भानगडीत जानकी पडली नाही. पत्र्याच्या फटीतून काढलेला एक फोटो तिच्या मुलीच्या मोबाइलमध्ये सापडला, तो तिने दिला.

उड्डाणपुलाच्या कामात ज्यांचा धंदा बसला अशा लहान दुकानदारांना मदत मिळणार, ही घोषणा झाली तेव्हा पुलाचे खांब उभे राहत होते. अर्ज सुरू झाले तेव्हा पुलावरून गाड्या धावायला लागून चार महिने झाले होते. दीड लाख रुपये, एकदाच, थेट खात्यात. त्या दीड लाखाचं काय करायचं ते जानकीने केव्हाच ठरवलं होतं. दगडांची नवी जोडी, मोटारीची दुरुस्ती, नवा पट्टा. एवढं झालं की गिरण अजून दहा वर्षं चालली असती. नाही झालं, तर एक तारखेपासून दुकान चंद्रप्रकाशला भाड्याने. चंद्रप्रकाश मोबाइलची कव्हरं विकायचा. माणूस सभ्य. दर आठवड्याला येऊन विचारायचा, तिने 'बघू' म्हटलं की मान हलवून निघून जायचा. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता, आणि आज बावीस तारीख होती.

योजनेच्या कार्यालयात ती तिसऱ्यांदा आली होती. खिडकीवर रश्मी मॅडम होत्या, पस्तिशीच्या, समोर अर्धा खाऊन झाकलेला डबा आणि कोपरापर्यंत फायली. ही बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट असती तर जानकीला निदान भांडता तरी आलं असतं.

"काकी, कागद सगळे आहेत तुमचे," रश्मी मॅडम फाईल चाळत म्हणाल्या. "पण धंदा कमी झालेला दिसत नाही."

"म्हणजे?"

"हे बघा. छोट्या दुकानांकडे हिशेबाच्या वह्या नसतात, म्हणून आम्ही विजेची युनिटं बघतो. कामाच्या आधीचं वर्ष एकीकडे, कामाची वर्षं एकीकडे. तीस टक्के तरी कमी व्हायला पाहिजेत. तुमची पंधरा टक्के कमी झालीत. पंधरा टक्के म्हणजे... बरीच चालली होती की गिरण."

"अहो, दिवसाला दोन डबे यायचे नाहीत!"

"मग एवढी वीज कशाला लागली?"

उत्तर जानकीला माहीत होतं. साडेतीन वर्षांत कुणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता, आणि आज विचारला तेव्हा ते उत्तर इतकं वेड्यासारखं वाटलं, की ते तोंडातून बाहेर काढायचं तिच्या जिवावर आलं.

"रिकामी चालवत होते," ती म्हणाली.

"काय?"

"गिरण. रिकामी. धान्य न घालता."

रश्मी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "का?"

आता हे 'का' समजवायचं तर सासऱ्यांपासून सुरुवात करायला हवी होती, आणि मागे रांगेत अकरा माणसं उभी होती.

सासऱ्यांनी गिरण घातली तेव्हा पाटी लावायला पैसे नव्हते. ते रोज सकाळी नऊला दगड किंचित वर उचलून पाच मिनिटं गिरण रिकामी फिरवायचे. तो आवाज अख्ख्या गल्लीत जायचा आणि बायका डबे उचलायच्या. पुढे पाटी आली, दिवे आले, पैसे द्यायचा स्कॅनर आला, पण सकाळची ती पाच मिनिटं तशीच राहिली. त्यांच्या मुलाने, म्हणजे जानकीच्या नवऱ्याने, भाऊरावांनी ती चालवली. चार वर्षांपूर्वी भाऊरावांची डावी बाजू गेली आणि ते दुकानामागच्या खोलीत पलंगाला खिळले, तेव्हा ती पाच मिनिटं जानकीकडे आली.

त्यानंतर चार-पाच महिन्यांत पत्रे आले. दुकानापासून चार हातांवर, माणसाच्या दीडपट उंच. मध्ये खड्डा, खड्ड्यावर एक फळी, आणि फळीवरून येणार कोण, तर कमरेवर दहा किलोचा डबा घेतलेल्या बायका. जानकीने पुठ्ठ्यावर 'गिरण चालू आहे' असं लिहून पत्र्याला बाहेरून बांधलं. दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा खड्ड्यात पडलेला होता. पुन्हा बांधला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तिने पुठ्ठा शोधला नाही. पत्र्याला पाटी टिकत नाही, पण आवाजाला पत्रा अडवू शकत नाही, एवढा सरळ विचार तिने केला. पाच मिनिटांची पंधरा झाली, पंधराचा तास झाला. सहा महिन्यांनी ती सकाळी नऊ ते रात्री आठ गिरण फिरवत होती, दुपारी जेवणापुरती बंद. आलंच दळण तर दळायचं, नाहीतर दगड वर उचलून नुसतं फिरू द्यायचं. शेजारचा रतन, झेरॉक्सवाला, तिला म्हणायचा, "वहिनी, कुणाला ऐकवताय?" स्वतः तो शटर ओढून गावाला गेला आणि दीड वर्ष आला नाही. त्याचं बिल शून्यावर आलं. त्याचे दीड लाख मागच्याच महिन्यात जमा झाले होते.

हे सगळं तिने रश्मी मॅडमना चार वाक्यांत सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग एक फॉर्म काढून पुढे सरकवला.

"असं करा. तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांचे लेखी जबाब आणा. पंचवीस तरी. कामाच्या काळात आम्ही तिथे दळायला जात नव्हतो असं लिहून द्यायचं, खाली सही आणि मोबाइल नंबर. मग मी फाईल वर पाठवू शकते. शुक्रवारी शेवटचा दिवस आहे, आणि नातेवाईक चालत नाहीत, ते खाली छापलंय."

"देतील ते," जानकी म्हणाली. "सगळे ओळखीचेच आहेत."

घरी आली तेव्हा दुपार झाली होती. पत्रे जाऊन चार महिने झाले होते, रस्ता गुळगुळीत होता, दुकानासमोर आता फूटपाथसुद्धा होता, आणि त्या फूटपाथवर एकही डबा नव्हता. साडेतीन वर्षांत लोकांना पिशवीतल्या पिठाची सवय लागली होती. मोबाइलवर बोट दाबलं की दहा मिनिटांत पीठ दारात. कोण उचलतंय डबा? जानकीने चप्पल काढली, पदर खोचला आणि सवयीने बटण दाबलं. गिरण घरघरायला लागली. मोटारीतून हल्ली एक शिट्टीसारखा आवाज यायचा, तोही आला.

खरं सांगायचं, तर आता ती गल्लीसाठी चालवत नव्हती. गल्लीचा नाद तिने केव्हाच सोडला होता. ती चालवत होती ती मागच्या खोलीसाठी. भाऊरावांना डॉक्टरांनी टेन्शन घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. गिरण बंद पडली असती तर त्या माणसाने पलंगावर पडल्या पडल्या काय काय विचार केले असते, देव जाणे. म्हणून दुकान आणि खोली यांच्यामधल्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडे अकरा तास आवाज जात राहिला, आणि रात्री आठला गिरण बंद करून चहा घेऊन आत गेली की भाऊराव विचारायचे, "आज कितके झाले गो?"

"अठरा," ती सांगायची. कधी वीस. गणपतीच्या आधी तीस. फार उदार व्हायला तिला भीती वाटायची.

"बरा झाला," भाऊराव म्हणायचे आणि चहा बशीत ओतायचे.

ह्याच माणसाला एके काळी खोलीत बसून कळायचं, गिरणीत बाजरी पडलीय की ज्वारी. "जाडा जाता गो, पेच फिरव जरा," असं आतून ओरडायचे. आजारपणानंतर ते ओरडणं थांबलं. जानकीला वाटलं, दुखण्याने कानाची ती पारखही गेली असेल.

बुधवार आणि गुरुवार तिने समोरच्या तीन बिल्डिंगी पालथ्या घातल्या. सकाळी लोक घाईत असतात म्हणून संध्याकाळी पाचला शटर अर्धं ओढून निघायची, गिरण आत फिरतच ठेवून. लिफ्ट असलेल्या बिल्डिंगीत वरून खाली यायची, नसलेल्या बिल्डिंगीत खालून वर चढायची. लोक चांगले होते. कुणी सरबत दिलं, कुणी मुलाचं लग्न जमल्याचं सांगितलं. एका नव्या सुनेने विचारलं, "गिरणीचं पीठ आणि पॅकेटचं पीठ यात काही फरक असतो का?" जानकीने तिला फरक सांगितला नाही. तिला फक्त सही हवी होती. जबाब काय लिहायचा ते ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहिलं, कारण सगळ्यांचे शब्द एकसारखे आले तर ते खोटे वाटतात, असं रश्मी मॅडमनीच बजावलं होतं.

गुरुवारी शेवटचं घर वाघमारे बाईंचं. मीरा वाघमारे, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. ह्यांचं दळण म्हणजे सोहळाच असायचा. गहू गव्हावरच पडला पाहिजे, आधी बाजरी गेली असेल तर थांबणार, आणि दळून झाल्यावर तिथेच चिमटीत पीठ घेऊन बघणार. अशा गिऱ्हाइकावर गिरणीवाल्यांचा राग असतो आणि जीवही असतो.

बाईंनी चष्मा लावला, फॉर्म वाचला, आणि टेबलाशी बसून सुवाच्य अक्षरात लिहायला लागल्या.

"जानकी, मी खोटं नाही लिहिणार हं. जे होतं ते लिहिते."

"खरंच लिहा बाई. खरंच पाहिजे मला."

बाईंनी लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं, शाळेतली सवय. "पुलाचे काम सुरू असताना मी सदर गिरणीत दळणासाठी गेले नाही. मात्र गिरण रोज सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत चालू असल्याचा आवाज माझ्या घरी स्पष्ट येत असे."

"तो आवाज..." जानकी म्हणाली आणि थांबली.

"अगं, तो आवाज ऐकूनच तर आले नाही मी. एकदा आले होते, खोटं कशाला सांगू? पहिल्या वर्षीच. त्या फळीपर्यंत आले, डबा घेऊन. आत गिरण नुसती धडधडत होती. म्हटलं, एवढं दळण पडलंय हिच्याकडे, आपला नंबर कधी लागायचा? तास-दीड तास उभं राहायला माझे गुडघे कुठे आहेत? परत फिरले. मग नाक्यावरून पिशवी आणली, ती आणतच राहिले. इथे सगळे हेच म्हणायचे, पत्रे लागले तरी जानकीचं झकास चाललंय. बरं वाटायचं ऐकून."

जानकीने कागद घेतला. घडी घातली. बाईंनी पाणी विचारलं, ती नको म्हणाली. जिन्यावर दुसऱ्या पायरीशी तिला बसावंसं वाटलं आणि ती खरोखरच बसली. तिथूनसुद्धा ऐकू येत होता. रस्त्यापलीकडून, अर्ध्या शटरच्या आतून, तिच्या गिरणीचा आवाज. ज्यांना बोलवायला तिने तो साडेतीन वर्षं चालू ठेवला, त्यांनाच तो सांगत होता की येऊ नका, इथे गर्दी आहे. स्वतःचाच तिला असा संताप आला, की डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

मुलगी, गंधाली, कामावरून आली होती. पार्ल्याला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर ती बसायची, आणि साडेतीन वर्षं घर तिच्या पगारावर चाललं होतं, हेही भाऊरावांना कुणी सांगितलं नव्हतं. आल्या आल्या तिने सगळे जबाब ओट्यावर पसरले. गिरण जानकीने नुकतीच बंद केली होती.

"सव्वीस," गंधाली मोजून म्हणाली. मग वाचायला लागली, आणि वाचता वाचता तिचा आवाज उतरत गेला. "आई, हे बघ. 'गिरणीचा आवाज यायचा पण आम्ही गेलो नाही.' हे बघ, 'गिरण नेहमी चालू असे.' 'दिवसभर चालू असे.' अगं, सतरा जणांनी हेच लिहिलंय!"

"खरं तेच लिहिलंय."

"आई, तू दोन दिवस फिरून सरकारच्या बाजूचे पुरावे गोळा करून आणलेस." तिला हसू आलं, मग ते थांबेना, मग जानकीलाही आलं. दोघी दमल्या होत्या. हसून झाल्यावर गंधालीने सतरा कागद वेगळे काढले. "हे देऊच नको. उरले नऊ. नऊवर काय होतंय का, बघू."

"पंचवीस पाहिजेत."

"मग मी लिहू का सोळा? डाव्या हाताने?"

"गप गं."

"मग काय करणार तू? तू रिकामी चालवत होतीस याला साक्षीदार कोण आहे? सांग ना, कोण आहे?"

तेव्हा प्लायवूडच्या भिंतीपलीकडून भाऊराव म्हणाले, "मी आसंय."

जानकी उठून आत गेली, मागून गंधाली. भाऊराव उजव्या हातावर जोर देऊन अर्धे उठून बसले होते.

"कागद घे," ते गंधालीला म्हणाले. "मी सांगतंय, तू लिही."

"बाबा, घरच्यांचा जबाब चालत नाही. छापलंय खाली."

"चालू नको. लिही तू."

"कसलो जबाब?" जानकी म्हणाली. "तुमका काय म्हायत आसा?"

भाऊरावांनी तिच्याकडे पाहिलं. "रिकामी गिरण येगळी वाजता गो. धान आसला की दगड घुमता. नसला की नुसतो पट्टो ओरडता. चाळीस वर्सां ह्याच केलंय. माका कळणा नाय?"

ते सांगत गेले आणि गंधाली शुद्ध मराठीत लिहीत गेली. पहिल्या वर्षी दिवसाला सात ते आठ डबे. दिवाळीच्या भाजणीला अकरा, तेही शेवटचे चार दिवस. दुसऱ्या वर्षी तीन, आणि श्रावणात उपासाची भगर दोनदा. तिसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी तांदळाचे पाच डबे, मग पंधरा दिवस जवळजवळ काही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सलग नऊ दिवस गिरण पूर्ण रिकामी फिरली. दहाव्या दिवशी ज्वारी पडली, अर्धा डबा, जाडसर. नवे दगड असते तर एवढी जाड गेली नसती.

गंधालीचं पेन थांबलं. तिने आईकडे पाहिलं.

"ती जवारी आपलीच होती," जानकी हळू आवाजात म्हणाली. नऊ दिवसांनंतर तिला राहवलं नव्हतं. वाण्याकडून ज्वारी आणून तिने स्वतःच दळली होती, फक्त दळायचं म्हणून.

"ठावक आसा," भाऊराव म्हणाले. "रात्री तेच्याच भाकऱ्या खाल्लंय मी."

"मगे तुमी बोललात कित्याक नाय?" आता मात्र जानकीचा आवाज चढला. "मी रोज येवन तुमका अठरा सांगतंय, वीस सांगतंय, नि तुमी बरा झाला, बरा झाला! माझी काय मस्करी करी होतात काय?"

भाऊरावांना भराभर बोलता यायचं नाही, डाव्या बाजूने ओठ ओढले जायचे.

"अठरा सांगताना तुझो आवाज बरो लागा होतो," ते म्हणाले. "माका वाटला, तुका बरा वाटता तर वाजांदे. तुका बरा वाटता म्हणान मी गप रवलंय."

जानकी पलंगाच्या कडेला बसली. त्यांच्यासाठी तिने ती चालवली आणि तिच्यासाठी त्यांनी ती ऐकली, भिंतीपलीकडे चार हातांवर, दिवसाचे अकरा तास. आणि वीज कंपनीने दर महिन्याला चोख बिल पाठवलं. तिला त्या माणसाचा राग आला होता, तो अजून पुरता गेला नव्हता, आणि तरी तिने त्यांचा लुळा हात मांडीवर घेतला. गंधाली खाली मान घालून कागदावर 'वरील मजकूर मी वाचून घेतला व तो बरोबर आहे' असं लिहीत होती. भाऊरावांनी उजव्या हाताने सही केली. सही सरळ आली.

"आणि एक," ते म्हणाले.

"काय लिहू, बाबा?"

"लिहू नको. आयेक सांगतंय." ते जानकीकडे वळले. "उद्यापासून ती रिकामी चालव नको. तीन वर्सां झाली, दुपारचो डोळो लागणा नाय माका."

शुक्रवारी जानकीने सगळेच कागद नेले. सव्वीसचे सव्वीस, आणि सत्ताविसावा नवऱ्याचा. सतरा लपवून नऊ द्यायचे आणि वर खिडकीतल्या बाईच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं, एवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

रश्मी मॅडमनी जबाब एकेक करून वाचले. वाघमारे बाईंच्या अक्षराचं कौतुक केलं. आवाजाच्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने बारीक खूण केली आणि सतरा खुणा झाल्यावर पेन्सिल ठेवून दिली. मग शेवटचा कागद घेतला.

"काकी, हा घेता येत नाही मला. मिस्टरांचा आहे."

"माहीत आहे. फाईलला लावू नका. फक्त वाचा."

मॅडमनी वाचला. मागची रांग चुळबुळत होती. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी तो परत वरपासून वाचला आणि उलटा करून तिच्याकडे सरकवला.

"मी फाईल पाठवते वर," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला उगाच आशा लावत नाही. युनिटं पंधरा टक्के, आणि हे जबाब... वर हे बसणार नाही. आधी विचारलं असतंत, तर..." आधी म्हणजे कधी? साडेतीन वर्षांपूर्वी कुणाला विचारायचं होतं, गिरण किती वाजवू म्हणून?

"तुमचं जेवण राहिलंय," जानकी म्हणाली. झाकलेला डबा आजही तसाच होता.

बाहेर येऊन तिने चंद्रप्रकाशला फोन लावला. एक तारखेपासून चालेल, म्हणाली. यंत्र कुठे ठेवायचं ते बघते, दोन दिवस द्या. तो पलीकडून म्हणाला, सावकाश करा, घाई नाही. तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

दुकानात पोहोचली तेव्हा एक वाजला होता. शटर वर केलं. ओट्यावर पीठ झाडायचा ब्रश होता, वजनकाटा होता, डबा नव्हता. तिने चप्पल काढली, पदर खोचला, आणि हात आपोआप बटणाकडे गेला. बटणावर बोट ठेवून ती क्षणभर उभी राहिली. आतून भाऊरावांच्या कूस बदलण्याचा आवाज आला, पलंग करकरला. गिरण चालू असताना हा आवाज तिला कधी ऐकू आला नव्हता. तिने हात काढून घेतला आणि स्टूल ओढून दाराशी बसली.

अर्ध्या तासाने रतन आपल्या दुकानातून डोकावला. "वहिनी, काय झालं? गिरण बंद?"

तिने ओठांवर बोट ठेवून त्याला हळू बोलायची खूण केली.

त्या दिवशी भाऊराव चार वाजेपर्यंत झोपले.